प्रेरक घातलाच नाही तरी जीन चालू! बुरशीतले इंड्युसिबल प्रमोटर नक्की किती भरवशाचे?

तंतुमती
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीये म्हणून शेवटी धागा काढतेय. माझ्याकडे ॲस्परजिलस निड्युलन्सचा एक स्ट्रेन आहे. त्यात मला हवा तो जीन अल्क-ए प्रमोटरखाली बसवलाय आणि त्याला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) जोडलंय. प्रोटीन न्यूक्लिअसमध्ये जाणारं आहे, त्यामुळे जीन चालू असेल तर मायक्रोस्कोपखाली तंतूभर हिरव्या मण्यांची माळ दिसते आणि बंद असेल तर काळोख.

ठरलेला हिशोब असा की ग्लुकोजवर पूर्ण बंद, ग्लिसरॉलवर जवळजवळ बंद आणि ग्लिसरॉलमध्ये इथेनॉल किंवा थ्रिओनिन (एक अमिनो आम्ल) घातलं की दणक्यात चालू. माझ्याकडे ग्लुकोजवर काळोख, ठीक. थ्रिओनिनवर माळ, ठीक. पण नुसत्या ग्लिसरॉलवरही माळ!! अगदी तेवढी नाही, पण साधारण एक तृतीयांश चमक तरी आहेच. म्हणजे माझा कंट्रोल कंट्रोलमध्ये नाही. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत हेच सगळं नीट चालत होतं आणि मधल्या काळात काहीही बदललेलं नाही. तोच स्ट्रेन, तीच रेसिपी, तोच इन्क्युबेटर, तीच मी.

दोन प्रश्न. एक, हे कशामुळे होत असेल? दोन, तंतूवाल्या बुरशीत तुम्ही कुठला प्रमोटर वापरता आणि त्याच्यावर किती विश्वास ठेवता? माझा तर उडालाच आहे.

आगाऊ_आगर
काहीही न देता स्वतःहून काम करणारा जीन! आमच्या सरांना असाच विद्यार्थी हवाय गेली दहा वर्षं. (ह.घ्या.)

हिशेबनीस
मी अकाउंट्समधला माणूस, चुकून या धाग्यावर आलो आणि अडकलो. प्रमोटर म्हणजे इमारती बांधणारा माहीत आहे. इथला प्रमोटर कोण? आणि इंड्युसिबल म्हणजे लाच दिल्याशिवाय काम न करणारा का?

सातव्या_वर्षाला
@हिशेबनीस, लाच वाली व्याख्या आमच्या व्हायव्हात चालली असती खरं तर. प्रमोटर म्हणजे जीनच्या आधी असलेला डीएनएचा तुकडा, पुढचा जीन कधी वाचायचा, किती वाचायचा ते तिथे ठरतं. काही प्रमोटर कायम चालू असतात, उदा. जीपीडी-ए, तो साखर जाळायच्या रोजच्या कामातल्या एन्झाइमचा आहे, त्याला सुट्टी नाही. आणि काही विशिष्ट वस्तू समोर आली तरच चालू होतात. अल्क-ए मुळात अल्कोहोल पचवणाऱ्या एन्झाइमचा प्रमोटर. अल्कोहोल नसताना ते एन्झाइम बनवण्यात काय हशील, म्हणून बुरशी तो बंद ठेवते. आपण काय करतो, त्या प्रमोटरपुढचा मूळ जीन काढून आपला जीन लावतो. बुरशीला वाटतं आपण अल्कोहोल पचवायची तयारी करतोय, प्रत्यक्षात ती आपलं काम करत असते.

याचा खरा उपयोग कुठे, तर जे जीन काढून टाकले की बुरशी मरतेच त्यांच्यासाठी. मेलेल्या बुरशीचा अभ्यास काय करणार? मग तो जीन अशा प्रमोटरखाली ठेवायचा, जिवंत हवी तेव्हा चालू, काय बिघडतं ते बघायचं तेव्हा बंद. यात एक मेख आहे जी मला तिसऱ्या वर्षी कळली, पहिल्या वर्षी कळली असती तर आज माझं नाव दुसरं असतं. बंद केल्यावरही आधी बनलेलं प्रोटीन शिल्लक असतं. स्पोअर (बुरशीचं बी म्हणा) आईबापाची शिदोरी घेऊनच निघतात. त्यामुळे ग्लुकोजवर टाकलेले स्पोअर उगवतात, छान तंतू काढतात आणि आपण लिहून मोकळे होतो की हा जीन गरजेचा नाही. शिदोरी संपल्यावर सगळे आडवे.

हिशेबनीस
समजलं. मागच्या वर्षीची शिल्लक पुढे ओढली की चालू वर्षाचा तोटा दिसत नाही, तसंच.

सातव्या_वर्षाला
तुम्ही आमच्या लॅबमध्ये या.

डॉक्सी
तंतुमती, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. अल्क-ए, ग्ला-ए, झायल-पी ही सगळी बुरशीच्या खाण्यापिण्याला बांधलेली बटणं आहेत. बटण दाबायला तुम्ही आहारच बदलता, मग दिसलेला फरक जीनमुळे की आहारामुळे हे कोण सांगणार? ग्लुकोजवरची वाढ आणि ग्लिसरॉलवरची वाढ यात जमीनअस्मानाचा फरक असतो. ग्लिसरॉलवर बिचारी रांगतच असते.

टेट-ऑन वापरा. बॅक्टेरियातला टेट रिप्रेसर बदलून केलेला ॲक्टिव्हेटर, डॉक्सिसायक्लिन दिलं की तो डीएनएला चिकटतो आणि जीन चालू. २०११ मध्ये ॲस्परजिलस नायजरसाठी बांधलेली टेट-ऑन कॅसेट आली, ती काही मिनिटांत प्रतिसाद देते, डोस वाढवाल तशी चढते आणि पार जीपीडी-एच्या वर जाते. कार्बन कुठला दिलाय याच्याशी देणंघेणं नाही. ग्लुकोज हवं तर ग्लुकोज द्या. मी सहा वर्षं दुसरं काही वापरलेलं नाही.

क्विनिक
आले टेट-ऑनचे प्रचारक. डॉक्सीभाऊ, तुमचं औषध उजेडात खराब होतं हे सांगितलं नाहीत. लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम धरून ठेवतं हेही नाही. डोस वाढवला तर मायटोकॉन्ड्रियाच्या रायबोसोमना त्रास देतं हेही नाही. आणि एकदा चालू केलं की बंद कसं करायचं? धुवून धुवून हात दुखतात, तंतूंच्या गुंत्यात अडकलेलं औषध निघता निघत नाही.

मी न्यूरोस्पोरावाला, म्हणजे दुसऱ्या एका बुरशीवाला. आमच्याकडे क्यूए-२, क्विनिक ॲसिड दिलं की चालू. ग्लुकोज असेल तर तोही मान टाकतो, मान्य. क्विनिक ॲसिड नावाप्रमाणे ॲसिड आहे, पीएच नीट केला नाही तर बुरशी जीन चालू करण्याआधी रुसून बसते. पण आता बरेच जण टीसीयू-१ कडे वळलेत, तांब्याच्या ट्रान्सपोर्टरचा प्रमोटर. तांबं दिलं की बंद, तांबं पकडून ठेवणारं बीसीएस घातलं की चालू. कार्बन जसाच्या तसा. मात्र काचेची भांडी नीट धुतलेली हवीत, तांब्याचा अंश कुठून येईल सांगता येत नाही.

डॉक्सी
प्लेटा फॉइलमध्ये गुंडाळा की! त्यात काय एवढं. आणि कंट्रोल स्ट्रेनलाही तेवढंच डॉक्सी द्यायचं, हे कुठल्याही प्रयोगाला लागू आहे.

क्विनिक
तेच मी म्हणतोय. कंट्रोल स्ट्रेनलाही तोच आहार दिला की अल्क-एवरचा तुमचा पहिला आक्षेप पण गळून पडतो. वाढ रांगती असेल तर दोन्हीकडे रांगती.

डॉक्सी
पूर्ण गळत नाही. पण निम्मा गळतो, चला.

बुरसटलेला
धाग्याचा विषय बाजूला आणि दोघांचं जुनं भांडण सुरू. तंतुमतीताई, तुम्ही मूळ प्रश्नावर या. पेरेंट स्ट्रेन, म्हणजे जीएफपी नसलेला, त्याच प्लेटवर लावून बघितलात का? बुरशीला स्वतःची पण चमक असते, म्हातारे तंतू आणि व्हॅक्युओल तर हिरव्या चॅनेलमध्ये मस्त उजळतात. एक्स्पोजर थोडं वाढवलं की काहीही दिसतं. मी एकदा आठवडाभर ज्याला लोकलायझेशन म्हणत होतो ते नुसतं म्हातारपण निघालं.

तंतुमती
बघितलंय. पेरेंट पूर्ण काळा. आणि माझ्याकडे दिसतं ते न्यूक्लिअसमध्येच दिसतं, ओळीने नीट मणी, त्यामुळे ऑटोफ्लुओरेसन्स नाही.

किण्वक
मी कारखान्याच्या बाजूचा, मोठ्या टाक्यांचा. आमच्याकडे प्रश्न उलटा असतो, चालू कितपत होतं एवढंच बघतो, थोडं गळलं तर कोणी रडत नाही. पण गळती हा दोष आहे असं तुम्ही सगळे धरून चाललाय, त्यावर थोडं लिहितो.

ट्रायकोडर्मा रीसाय घ्या. सेल्युलोज समोर आलं की सेल्युलेज एन्झाइमं ओतते, बाहेर टाकलेल्या प्रोटीनपैकी निम्म्याहून जास्त एकटं सीबीएच-१ असतं, म्हणून तो प्रमोटर सगळ्यांचा लाडका. आता विचार करा, सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, पेशीच्या आत जाऊ शकत नाही. मग बाहेर सेल्युलोज आहे हे आतल्या जीनला कळतं कसं? तर थोडं एन्झाइम कायम गळत असतं. ते सेल्युलोजचे लचके तोडतं, त्यातून छोट्या साखरा सुटतात, सोफोरोजसारखं काही बनतं, ते आत जातं आणि मग धरणाचे दरवाजे उघडतात. गळती नसती तर बुरशी सेल्युलोजच्या ढिगावर बसून उपाशी मेली असती. निसर्गाने हे प्रमोटर आपल्या कंट्रोल प्लेटसाठी बनवलेले नाहीत, त्यांना चाहूल घ्यायची असते.

सोफोरोज महागडं, म्हणून उद्योगात लॅक्टोज चालतं, विरघळतं आणि स्वस्त पडतं. आणि ग्लुकोजचा लगाम सैल करायचा असेल तर रट-सी३० सारखे स्ट्रेन आहेत, त्यांच्यात क्री-१ हा लगाम धरणारा जीनच तुटका आहे.

अवांतर: या सगळ्या वंशाचा मूळपुरुष क्यूएम६ए दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर सापडला, सैन्याचं कापडी सामान कुजत होतं म्हणून शोधाशोध चालली होती त्यातून. ज्याने तंबू खाल्ले त्यालाच आपण नोकरीवर ठेवलं.

हिशेबनीस
किण्वक, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. बाकी काही कळलं नाही तरी तंबू कळला.

सातव्या_वर्षाला
किण्वक सरांना +१. पण तंतुमतीच्या केसमध्ये आधी गळत नव्हतं आणि आता गळतंय, त्यामुळे "गळतीच असते" हे उत्तर पुरत नाही. मला दोन शंका. एक, ट्रान्सफॉर्मंट, म्हणजे बाहेरचा जीन घातलेला स्ट्रेन, नीट शुद्ध केलाय का? एका तंतूत ढिगाने न्यूक्लिअस, त्यातल्या काहींमध्ये एक कॉपी आणि काहींमध्ये भलतीकडे घुसलेल्या चार, असं मिश्र कुटुंब असेल तर पिढ्या बदलल्यावर चित्र बदलतं. दुसरं, मिनिमल मीडियम म्हणजे खरंच मिनिमल आहे का? केसिन हायड्रोलायझेट (दुधातलं प्रोटीन तोडून केलेलं) घातलं असेल तर त्यात थ्रिओनिन असतंच.

तंतुमती
एकेका स्पोअरपासून तीनदा शुद्ध केलाय, निड्युलन्सच्या स्पोअरमध्ये एकच न्यूक्लिअस असतो त्यामुळे ते काम सोपं आहे. सदर्न (डीएनएत जीन कुठे आणि किती वेळा बसलाय ते दाखवणारी चाचणी) केलंय, एकच कॉपी, योग्य जागी. फ्रीजरमधला जुना स्टॉक काढून लावला, तोही तसाच चमकतो. म्हणजे स्ट्रेन बदललेला नाही.

मीडियम: नेहमीचे क्षार, ट्रेस एलिमेंट, नायट्रेट, १ टक्का ग्लिसरॉल, स्ट्रेनला लागणारं पायरिडॉक्सिन, आगर. केसिन बिसिन काही नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आहे, कारण मधे सामाईक इन्क्युबेटरमध्ये बॅक्टेरियाने उच्छाद मांडला होता. बस्स. पिशवीत घालून ३७ अंशाला ठेवते, १४ तासांनी बघते.

बुरसटलेला
१४ तास आहे म्हणजे ग्लिसरॉल संपायचा प्रश्न नाही. ग्लिसरॉलची बाटली नवीन का? मला ग्लिसरॉलवरच संशय. कमी प्रतीचं असेल तर त्यात काय काय येतं कोण जाणे.

डॉक्सी
+१, ग्लिसरॉल बदला. लॅक्टोजवर करून बघा, निड्युलन्समध्ये तेही लगाम न लावणारं आहे. आणि तरीही जमलं नाही तर टेट-ऑन आहेच!!

आगाऊ_आगर
डॉक्सी साहेबांना कोणी दार उघडत नाही म्हटलं तरी ते टेट-ऑनच सुचवतील.

तंतुमती
ग्लिसरॉलच्या तीन बाटल्या झाल्या. दुसऱ्या लॅबमधून उसनं आणलं. तेच. आज लॅक्टोजवर लावलंय.

कोजीकाका
उशिरा आलो. मी ॲस्परजिलस ओरायझीवर काम करतो, जपानमध्ये कोजीसाठी वापरतात ती. आमच्याकडे अमायलेजचा प्रमोटर, माल्टोज किंवा स्टार्च दिलं की चालू. त्याचं काही विशेष नाही, सांगायचं आहे ते थाय-ए बद्दल. थायमिन घातलं की तो बंद होतो, आणि फार थोडं थायमिन पुरतं, आहार बदलावा लागत नाही. छान वाटतं ना? माझ्या एका ज्युनिअरने चार महिने हा प्रमोटर चालूच होत नाही म्हणून रडारड केली. क्लोनिंग परत केलं, सिक्वेन्सिंग परत केलं, नवीन स्ट्रेन बांधला. मी एक दिवस सहज त्याच्यामागे उभा राहून मीडियम बनवताना बघत होतो. पोरगा वाढ चांगली व्हावी म्हणून चमचाभर यीस्ट एक्स्ट्रॅक्ट टाकत होता. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे थायमिनचं भांडारच. त्याने रेसिपीत ते लिहिलंही नव्हतं, कारण "ते तर नेहमीच घालतो".

तेव्हापासून कोणी काहीच बदललं नाही म्हटलं की मी त्याला वही बाजूला ठेवायला सांगतो आणि प्लेट माझ्यासमोर ओतायला लावतो.

क्विनिक
नायट्रेटवर चालणाऱ्या प्रमोटरचं पण हेच. अमोनियम दिलं की बंद, नायट्रेट दिलं की चालू, कागदावर झकास. निआ-डी आणि नाय-ए तर पाठीला पाठ लावून एकाच मधल्या पट्ट्यातून दोन्ही दिशांना चालतात, एका दगडात दोन जीन. पण मीडियममध्ये कुठून तरी अमोनियम आलं की संपलं.

निवृत्त_नळकांडे
क्लोरॅम्फेनिकॉल कशात विरघळवलंय?

तंतुमती
३४ मिग्रॅ प्रति मिलीचा स्टॉक आहे. मिलीला १ मायक्रोलिटर घालते. स्टॉक इथेन

तंतुमती
अरे देवा.

आगाऊ_आगर
😂😂😂 वाक्य अर्धवट राहिलं ते पण पोस्ट झालं.

बुरसटलेला
चोर सोडून संन्याशाला फाशी. मी ग्लिसरॉलला उगाच बोललो, माफी मागतो त्याची.

हिशेबनीस
कोणीतरी मला सांगा काय झालं. सिनेमात क्लायमॅक्सला वीज गेल्यासारखं झालंय.

निवृत्त_नळकांडे
हिशेबनीस साहेब, क्लोरॅम्फेनिकॉल पाण्यात फारसं विरघळत नाही. म्हणून घट्ट स्टॉक करायचा तर तो इथेनॉलमध्ये करतात. बाईंनी बॅक्टेरिया मारायला औषध घातलं आणि त्याच्यासोबत बुरशीला अल्कोहोल पाजलं. अल्कोहोल दिसलं की चालू होणारा प्रमोटर. मी छत्तीस वर्षं प्रयोगशाळेत बाटल्या धुतल्या आणि मीडिया ओतला, प्रमोटर काय असतो ते मला नीट सांगता येणार नाही. पण बाटलीत औषधाशिवाय आणखी काय आहे हे बघायची सवय आहे.

डॉक्सी
थांबा थांबा, एवढ्यात टाळ्या नकोत. मिलीला १ मायक्रोलिटर म्हणजे ०.१ टक्का. इंडक्शनला लोक ५० ते १०० मिलीमोलर इथेनॉल घालतात. ०.१ टक्क्याने काय होणार? त्यात ओतताना आगर गरम, निम्मं तिथेच उडून जाणार.

सातव्या_वर्षाला
हिशोब करू. लिटरला १ मिली इथेनॉल, घनता ०.७९, म्हणजे ०.७९ ग्रॅम. रेणूभार ४६. आले १७ मिलीमोलर. पूर्ण डोसच्या पाचवा-सहावा हिस्सा ते एक तृतीयांश. आणि ताईंची चमक किती, तर "साधारण एक तृतीयांश". मला तर जुळतंय. शिवाय ग्लुकोजच्या प्लेटवरही तेच क्लोरॅम्फेनिकॉल होतं ना? तिथे काळोखच राहिला कारण ग्लुकोज असताना क्री-ए, म्हणजे निड्युलन्समधला लगाम धरणारा, अल्क-एला पण दाबतो आणि त्याच्या ॲक्टिव्हेटरला, अल्क-आरलाही दाबतो. दोन कुलपं. अल्कोहोलची किल्ली असून उपयोग नाही. ग्लिसरॉलवर कुलपंच नाहीत, मग थोडी किल्लीही पुरते. म्हणून गुन्हा फक्त एकाच प्लेटवर दिसत होता.

डॉक्सी
गणित मान्य. तरी प्रयोग करा, मग बोलू.

तंतुमती
लावलाय. चार प्रकारच्या प्लेटा, सगळ्या ग्लिसरॉलवर: काहीच नाही, इथेनॉलमधलं क्लोरॅम्फेनिकॉल, नुसतं ०.१ टक्का इथेनॉल, आणि क्लोरॅम्फेनिकॉलची पूड थेट मीडियममध्ये घालून. उद्या सांगते. आणि हो, वही काढून तारीख बघितली. क्लोरॅम्फेनिकॉल सुरू केलं त्याला बरोब्बर दोन महिने झालेत. "काहीही बदललेलं नाही" म्हणे! वरचं माझंच वाक्य वाचून लाज वाटतेय.

कोजीकाका
लाज कसली. "ते तर नेहमीच घालतो" च्या ऐवजी "ते फक्त बॅक्टेरियासाठी घालतो", एवढाच फरक.

पूड थेट घालायची कल्पना चांगली आहे. पाण्यात लिटरला अडीच ग्रॅम तरी विरघळतं, तुम्हाला हवं ते ३४ मिलीग्रॅम. आणि ऑटोक्लेव्ह सोसतं, बुरशी मोजायच्या काही तयार मीडियात ते आधीच मिसळून ऑटोक्लेव्ह करतात. फक्त इतकं कमी तोलायला चांगला तराजू हवा.

किण्वक
दरम्यान मूळ धाग्यातला दुसरा प्रश्न राहिला. इथेनॉलऐवजी थ्रिओनिन किंवा सायक्लोपेंटॅनोन वापरायची सवय का लागली त्यामागे हेच कारण आहे. इथेनॉल हा खरा प्रेरक नाहीच, त्यापासून बनणारं ॲसिटाल्डिहाइड हा प्रेरक. आणि दोन्ही उडणारे. शिवाय बुरशी ते खाऊनही टाकते, म्हणजे सकाळचा डोस आणि रात्रीचा डोस एक नाही. थ्रिओनिन निदान जागेवर बसतं. तुम्ही ते वापरता ते बरंच आहे.

तंतुमती
निकाल. थोडा लांबण लावून सांगते कारण पहिल्या फेरीत फजिती झाली.

पहिल्या फेरीत इथेनॉलवाल्या दोन्ही प्लेटा चमकल्या, अपेक्षेप्रमाणे, क्लोरॅम्फेनिकॉल असलेली आणि नसलेली जवळपास सारखीच. पण "काहीच नाही" वाली प्लेटही किंचित चमकली! मी रडायच्या बेतात होते. मग लक्षात आलं की मी चारही प्लेटा एकावर एक रचून एकाच पिशवीत, तोंड बांधून, ३७ अंशाला ठेवल्या होत्या. म्हणजे बंद खोलीत दोघं प्यायली आणि वासाने तिसरं झिंगलं. त्यातही गंमत म्हणजे चमक वसाहतीच्या कडेच्या तंतूंमध्ये जास्त होती, मधे कमी.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक प्लेट वेगळ्या पिशवीत आणि इथेनॉलवाल्या चक्क वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये. आता "काहीच नाही" काळीकुट्ट. पूड घातलेली काळीकुट्ट. इथेनॉलवाल्या दोन्ही माळा घालून बसल्यात. लॅक्टोजची जी प्लेट मधे लावली होती तीही चमकलेली होती, कारण तिच्यातही तोच स्टॉक, हे वेगळं सांगायला नको.

डॉक्सी
मानलं. नळकांडे काकांना दंडवत. टेट-ऑनला मात्र हे झालं नसतं, एवढं म्हणून थांबतो.

निवृत्त_नळकांडे
डॉक्सी साहेब, डॉक्सिसायक्लिन तुम्ही ज्या पाण्यात करता ते, आणि ज्या बाटलीत ठेवता तिच्यावर फॉइल आहे का ते, एकदा बघून घ्या. उगाच सांगतोय.

डॉक्सी
... फॉइल आहे. (आत्ता जाऊन लावली.)

क्विनिक
🙏 आजचा दिवस सार्थकी.

तंतुमती
दुसऱ्या प्रश्नाचं मी माझ्यापुरतं ठरवलंय, अल्क-एच ठेवणार. तो दोन महिने खरंच सांगत होता की प्लेटमध्ये अल्कोहोल आहे, मीच ऐकत नव्हते. बाकी कोणाला यावरून वाद घालायचा असेल तर घाला, मी आता दोन महिन्यांचे ग्लिसरॉलचे सगळे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायला बसतेय.

हिशेबनीस
त्या फोल्डरला नाव काय देणार?

तंतुमती
"बुडीत खाती". तुमच्याकडूनच शिकले.

एक राहिलं. आमच्या शेजारच्या टेबलावरचा मुलगाही अल्क-एवरच काम करतो, त्याच्या ग्लिसरॉल प्लेटा पण हल्ली जरा चमकायला लागल्यात म्हणून तो गेला महिनाभर क्लोनिंग परत करतोय. त्याच्या मीडियममध्ये क्लोरॅम्फेनिकॉल अजिबात नाही. त्याने आत्ता येऊन विचारलं की त्याच्या प्लेटा मी कधी माझ्या पिशवीत ठेवल्या होत्या का.

ठेवल्या होत्या. जागा वाचावी म्हणून.

आगाऊ_आगर
ताई, तुमचा इन्क्युबेटर नाही, गुत्ता आहे.